समूहात घडलेला गळा, एकट्यानं केलेली सही

टूट्स हिबर्ट या जमैकन गायकाची गोष्ट जिथं वाचायला मिळते तिथं ती एकाच क्रमानं सांगितलेली असते. आधी चर्चचा गायनवृंद, मग गरिबी, मग स्टुडिओ, तबकड्या, जगभरचे दौरे आणि ग्रॅमी. जणू चर्च ही सगळ्यांत खालची पायरी आणि ध्वनिमुद्रण हा कळस. ही मांडणी मला पटत नाही. गायकाला जे शिकायचं असतं ते जवळजवळ सगळं टूट्स स्टुडिओच्या दारात पाऊल टाकण्याआधीच शिकला होता. स्टुडिओनं त्याला नाव दिलं, त्याचा आवाज दूरदेशी पोहोचवला, हे खरंच आहे. पण त्याच वेळी त्याची आणि त्याच्यासारख्या शेकडो पोरांची गाठ अशा एका व्यवहाराशी पडली, ज्यात एकदा चार पैसे हातावर ठेवले की गाणं कायमचं दुसऱ्याचं होतं. या व्यवहाराबद्दल मला बोलायचं आहे. तो जमैकात जसा चालला तसाच आपल्याकडेही चालला, आणि अजून पुरता थांबलेला नाही.

फ्रेडरिक नथॅनियल हिबर्ट हे त्याचं खरं नाव. टूट्स हे भावानं लाडानं ठेवलेलं. जन्म ८ डिसेंबर १९४२ चा, जमैकाच्या क्लॅरेंडन परगण्यातल्या मे पेन इथला. आईवडील दोघंही सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे कडक उपदेशक, आणि हा भावंडांत धाकटा. अकराव्या वर्षापर्यंत आईवडील दोघंही गेले. पोर किंगस्टनला, ट्रेंचटाउनच्या वस्तीत भाऊ जॉनकडे राहायला आलं. पुढे एका सलूनमध्ये काम करता करता तो गात असे, आणि तिथंच त्याला रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस भेटले. तिघांचा मिळून ‘द मेटल्स’ हा संच झाला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास ही तीन पोरं क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड या निर्मात्याच्या स्टुडिओत पोहोचली. १९६३ मध्ये गाजलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या एका तबकडीचं नाव होतं ‘हालेलुया’. बाजारात विकायला त्यांनी काय आणलं होतं हे या एका शब्दात आलं.

आता चर्चमध्ये मूल काय शिकतं ते पाहा. जमैकातल्या जुन्या गरीब मंडळ्यांत सगळ्यांच्या हाती गीतांचं पुस्तक नसे, आणि असलं तरी सगळ्यांना वाचता येत नसे. मग पुढे उभा असलेला माणूस एक ओळ म्हणून दाखवी आणि सगळी सभा ती उचलून धरी. आपल्याकडे शाहिरामागं झीलकरी ओळ धरतात तशीच ही रीत, फक्त तिथं झील धरणारी अख्खी सभा. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला सुरांचं अंतर कुणी फळ्यावर लिहून समजावत नाही. शेजारची आत्या वरच्या पट्टीत गाते, मागचा म्हातारा खालच्या, आणि आपण मधली मोकळी जागा शोधून तिथं शिरायचं, एवढं ते दर आठवड्याला करत राहतं. श्वास कुठं चोरायचा, सभा थकली की तिला पुन्हा उभं कसं करायचं, शेवटची ओळ किती वेळा फिरवली म्हणजे माणसांच्या अंगावर काटा येतो, हे सगळं दहाव्या वर्षीच त्याच्या अंगात मुरतं.

टूट्सचं १९६८ चं ‘५४-४६’ हे गाणं ऐकलं की हे लगेच कळतं. गांजाच्या आरोपावरून त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली होती; आपल्याला यात गोवलं असं तो सांगत असे. बाहेर आल्यावर त्यानं कैदी क्रमांकावर गाणं केलं. त्या गाण्यात एका ठिकाणी तो वादकांकडे एक ठोका मागतो. ढोलाचा एकच ठोका येतो. मग दोन मागतो, मग तीन, मग चार, आणि प्रत्येक वेळी मोजून तेवढेच येतात. तो ठोका मागतो तेव्हा आवाजात हुकूम असतो, आणि उत्तर आलं की खुशी. सभेकडून ‘आमेन’ वसूल करणाऱ्या उपदेशकाच्या घरात वाढल्याशिवाय हे असं जमत नाही. त्याच वर्षी त्याच्या संचानं ‘डू द रेगे’ गायलं, आणि ज्या संगीतप्रकाराला आज जग रेगे म्हणतं त्याचं नाव तबकडीवर पहिल्यांदा आलं ते या गाण्यानं. ज्या प्रकाराच्या नावानं पुढे अब्जावधींची उलाढाल झाली, त्याचं नामकरण एका उपदेशकाच्या अनाथ पोरानं केलं.

आणि हे चर्च तरी कुठून आलं होतं? जमैकात काळ्या माणसांच्या बाप्टिस्ट मंडळ्यांची सुरुवात केली ती जॉर्ज लील यानं. तो स्वतः गुलामगिरीतून सुटलेला. १७८३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियातून तो तिथं गेला. पुढे ऊसमळ्यांवरच्या गुलामांनी १८३१ च्या नाताळात उठाव केला, त्याचा पुढारी सॅम्युएल शार्प हा बाप्टिस्ट डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक होता. त्याला १८३२ च्या मे महिन्यात फाशी दिलं. १८६५ मध्ये मोरँट बे इथं मोर्चा घेऊन गेलेला पॉल बोगल हाही डीकनच. त्यालाही फाशीच झाली. ज्या समाजाला चार माणसं जमवायची चोरी होती त्यानं चर्चच्या आडोशानं जमायला, बोलायला, आपला पुढारी निवडायला आणि आपल्या आवाजात गायला जागा केली होती. त्या जागेसाठी माणसांनी प्राण मोजले. टूट्सच्या गळ्यात जे उतरलं ते या जागेत साठलेलं धन होतं, आणि त्याला ते फुकट मिळालं, कारण तिथल्या रिवाजाप्रमाणे ते सगळ्यांचंच होतं.

वाद्यांचीही गोष्ट वेगळी नाही. किंगस्टनमध्ये कॅथलिक जोगिणींनी चालवलेली अल्फा बॉइज स्कूल नावाची शाळा होती. अनाथ, वाया जाणारी म्हणून टाकून दिलेली मुलं तिथं यायची आणि बँडमध्ये ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन शिकायची. सिस्टर मेरी इग्नेशियस या जोगिणीनं कित्येक पिढ्या घडवल्या. डॉन ड्रमंड, टॉमी मकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे सगळे तिथलेच. ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदाचा कणा म्हणजे ही मुलं, आणि साठच्या दशकातल्या गायकांमागं स्टुडिओत वाजवणारेही हेच. म्हणजे गळे चर्चनं घडवले आणि त्यांच्या मागचे वादकही चर्चच्याच अंगणातून आले. स्टुडिओच्या मालकाला यांतल्या कुणाच्याही शिक्षणावर एक पैसा घालावा लागला नाही.

त्या स्टुडिओत काय चालायचं? ब्रेंटफर्ड रोडवरच्या डॉडच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये रविवारी नव्या पोरांची परीक्षा असे. दारात रांग लागायची. ज्याचा आवाज पसंत पडेल त्याचं गाणं मुद्रित व्हायचं, हातावर ठरावीक रक्कम पडायची, आणि बहुतेकांचा हिशोब तिथंच मिटायचा. तबकडी किती खपली, इंग्लंडात कुणाला विकली, रेडिओवर किती वेळा वाजली, हे विचारायचा रिवाजच नव्हता. कागद झाला तर झाला. गीतकार म्हणून तबकडीवर कधी निर्मात्याचंच नाव छापलं जाई.

यात कायदाही निर्मात्याच्या बाजूनं उभा होता. जमैकात १९९३ पर्यंत चालला तो १९११ चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा. त्यात एक कलम असं होतं की, ध्वनिमुद्रणाचा मूळ साचा तयार होताना तो ज्याच्या मालकीचा, तोच त्या मुद्रणाचा कर्ता समजावा. गाणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागं जाऊन वाचलं. साचा ज्याचा, तो कर्ता. गळा ज्याचा, तो कुणीच नाही. आणि हाच १९११ चा कायदा थोड्या फेरफारानं १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला होता. आपला १९५७ चा कायदा त्याच्या जागी आला, पण ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता ही व्याख्या त्यातही राहिलीच. किंगस्टनचा गायक आणि मुंबईचा गायक एकाच सरकारनं घातलेल्या चौकटीत उभे होते.

हा सगळा व्यवहार जसाच्या तसा बघायचा असेल तर पेरी हेन्झेलचा १९७२ चा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट बघावा. त्यातला आयव्हन (जिमी क्लिफनं ही भूमिका केली आहे) खेड्यातून किंगस्टनला येतो, एका उपदेशकाच्या आश्रयाला राहतो. चर्चमध्येच तो आपल्या गाण्याची तालीम करतो आणि उपदेशकाचा रोष ओढवून घेतो. पुढे गाणं मुद्रित होतं आणि निर्माता त्याच्यासमोर २० डॉलर ठेवतो. आयव्हन नाकारतो. स्वतःच तबकडी खपवायला बाहेर पडतो. पण निर्मात्याच्या शब्दाशिवाय ती कुणी वाजवायला तयार होत नाही, आणि अखेर तो परत येऊन तेच २० डॉलर घेतो. याच चित्रपटात आयव्हन स्टुडिओच्या एका कोपऱ्यात उभा राहून एका संचाचं मुद्रण डोळे भरून पाहतो, असा प्रसंग आहे. तो संच म्हणजे स्वतः टूट्स आणि मेटल्स. पडद्यावर जे दाखवलं जात होतं ते त्या काळात त्या शहरात खरंच घडत होतं.

आता याची दुसरी बाजू मी टाळणार नाही. निर्माते नसते तर या पोरांचा आवाज ट्रेंचटाउनच्या बाहेर गेला असता का? लेस्ली काँगचं उदाहरण घ्या. किंगस्टनमधल्या चिनी वंशाच्या कुटुंबातला हा माणूस भावांबरोबर आइस्क्रीमचं दुकान चालवायचा. गाण्यातलं फारसं कळत नसताना त्यानं पैसे घातले आणि टूट्सची उत्तमोत्तम गाणी त्याच्याच लेबलवर आली. १९७१ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला, आणि त्यानं टूट्सच्या संचाचा मोठा आधार गेला. दहा तबकड्यांतल्या आठ पडतात, तोटा निर्माताच सोसतो, मग खपलेल्या दोनांचा नफा त्यानं का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर साधं आहे. नफा त्यानं घ्यावाच. जोखमीचा मोबदला म्हणून पहिली काही वर्षं मोठा वाटाही घ्यावा. पण जोखीम वर्षा-दोन वर्षांची आणि मालकी मात्र तीन पिढ्यांची, हा हिशोब कुठल्या धंद्यात बसतो? शेत खंडानं घेणाराही पीक नेतो, जमीन नेत नाही.

आपल्याकडे हा वाद याच काळात, साठच्या दशकात, दोन थोर आवाजांमध्ये झाला. लता मंगेशकर म्हणत होत्या की गायकाला रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या कमाईतला वाटा, मिळालीच पाहिजे. मोहम्मद रफींचं म्हणणं असं की गाणं म्हटलं, ठरलेले पैसे मिळाले, आपला संबंध संपला. यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींच्या म्हणण्यात लोभ नव्हता, उलट एक निर्मळपणा होता, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं समजून घ्यावंसं वाटतं. दिलं ते दिलं, असं मानणारा तो माणूस. पण या निर्मळपणावरच सगळी गफलत उभी आहे.

गायनवृंदात वाढलेल्या माणसाला देण्याची सवय असते. तिथं गाण्याला भाव नसतो, कारण ते विकायला काढलेलंच नसतं. कुणी म्हणत नाही की आज मी वरचा सूर लावला, माझे इतके झाले. अशा माणसाला बाजारात कुणी विचारलं, ‘काय घेणार?’ तर त्याला ओशाळल्यासारखं होतं. तो समोर येईल ते घेतो, आणि वर आभार मानतो. हा त्याचा भोळेपणा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. त्याच्या समाजानं त्याला दिलेला हा सगळ्यांत मोठा गुण आहे, आणि बाजार नेमका त्याच गुणावर हात मारतो. टूट्स अखेरपर्यंत असाच होता. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या रिचमंड शहरात गात असताना प्रेक्षकांतून आलेली बाटली त्याच्या डोक्याला लागली. पुढची जवळपास तीन वर्षं तो मंचावर जाऊ शकला नाही. तरी त्यानं न्यायाधीशांना पत्र लिहून विनंती केली की त्या तरुण पोराला तुरुंगात पाठवू नका. स्वतः तुरुंग भोगलेला माणूस होता तो.

हा देण्याचा स्वभाव मी जवळून पाहिला आहे. आमच्या गावात बुवा आहेत, आता ऐंशीच्या पुढचे. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखाली टाळ धरायला शिकली, मीही त्यांतलाच. कार्तिकात पहाटे काकड्याला ते मला पखवाजाशेजारी बसवायचे आणि म्हणायचे, ‘आपला सूर शोधत बसू नको, शेजारच्याचा कान देऊन ऐक, तुझा आपसूक सापडंल.’ कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीची माणसं गावात आली, बुवांना शहरात घेऊन गेली, दोन दिवसांत अभंगांच्या दोन कॅसेट भरल्या. बुवांना पाच हजार रुपये, शाल आणि नारळ मिळाला. एक इंग्रजी कागद होता, त्यावर त्यांनी सही केली. आज तेच अभंग दिवाळीत पहाटे फोनवर वाजतात, एसटी स्टँडवर वाजतात, आषाढी वारीत ट्रकवर वाजतात. नाव कधी असतं, कधी नसतं.

मागच्या वर्षी त्यांच्या नातवानं तो कागद ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिला. मी वाचून मराठीत सांगितला. हक्क कायमचे, सगळ्या जगात, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी. बुवा पेटीचा भाता पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, ‘पुढं निघणाऱ्या म्हणजे?’ मी म्हटलं, ‘म्हणजे तेव्हा हा मोबाईल नव्हता ना बुवा, तोसुद्धा त्यात धरला.’ ते म्हणाले, ‘देवाचं गाणं बाळा, त्याचं काय मागायचं.’ मी गप्प बसलो. पण देवाचं गाणं म्हणून बुवांनी मागायचं नसेल, तर त्याच गाण्याचे पैसे तीस वर्षं दुसऱ्यानं कुठल्या न्यायानं घ्यायचे? देवाच्या नावानं सोडायचं असेल तर दोघांनी सोडावं.

गोव्याकडेही याच दृष्टीनं पाहिलं पाहिजे. पोर्तुगीज काळात तिथं चर्चला जोडून शाळा होत्या आणि त्यांत मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद कित्येक वर्षं या शाळांच्या जोरावर उभे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तिथल्या चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे चिरंजीव. मुंबईत त्यांनी वाद्यरचना केल्या, शिष्य घडवले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं. त्या नावावर सगळा देश नाचला. पण हे नाव एका खऱ्या माणसाचं आहे आणि त्या माणसानं काय केलं, हे नाचणाऱ्यांपैकी कितींना माहीत होतं? चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर त्या सगळ्या गोमंतकीय वादकांना जागा नव्हती, आणि रॉयल्टीचा तर प्रश्नच नव्हता. त्यांना शिफ्टचे पैसे मिळत.

एकाच गाण्याचा प्रवास सांगतो, म्हणजे रक्कम कुठं जाते ते दिसेल. १९६६ मध्ये जमैकात स्वातंत्र्योत्सवाची पहिली गीतस्पर्धा झाली. ती टूट्स आणि मेटल्सनी ‘बॅम बॅम’ या गाण्यानं जिंकली. त्यातलं पालुपद तिघांच्या गळ्यांनी चर्चच्या पद्धतीनं रचलेलं आहे. १९८२ मध्ये सिस्टर नॅन्सी या तरुण गायिकेनं ते पालुपद घेऊन त्याच नावाचं आपलं गाणं केलं. तीही एका पाद्र्याचीच मुलगी, पंधरा भावंडांतली. तिचं ते गाणं पुढे चित्रपटांत आलं, जाहिरातीत आलं, २०१६ मध्ये अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टच्या गाण्यात आलं, २०१७ मध्ये तिथल्याच जे-झी या रॅपरच्या. आणि नॅन्सी त्या मधल्या वर्षांत अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये बँकेत हिशेबनीस म्हणून नोकरी करत होती. आपल्याला त्या गाण्याचं तीस-बत्तीस वर्षं काहीच मिळालं नाही, असं तिनं मुलाखतींत सांगितलं आहे. ते गाणं जाहिरातीत वापरलेलं कानावर आलं तेव्हा तिनं वकील गाठला आणि मग कुठं तिला हक्काचा वाटा मिळाला. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा चोख हिशोब लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या गाण्याचा हिशोब द्यायला कुणी बांधील नव्हतं.

गौरवाची मात्र कमतरता पडली नाही. जमैका सरकारनं २०१२ मध्ये टूट्सला ‘ऑर्डर ऑफ जमैका’ दिली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोनं जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. टूट्सचा शेवटचा अल्बम २०२० च्या ऑगस्ट अखेरीस आला, ११ सप्टेंबरला तो गेला, आणि पुढच्या वर्षी त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. सन्मान मिळावेत, त्याबद्दल वाद नाही. पण वारसा म्हणून जगानं ज्याचा गौरव करायचा ते गाणं ज्यांच्या गळ्यातून आलं, त्यांचं म्हातारपण कसं गेलं हे विचारायला कुठलीही यादी उपयोगी पडत नाही. त्यासाठी कायदा लागतो.

आपल्याकडे तो २०१२ मध्ये बऱ्यापैकी बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता. त्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क त्यांना स्वतःलाही विकून टाकता येणार नाही असा केला. तो वारसांकडे जाईल किंवा वसूल करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही. व्यावसायिक वापरात गायकालाही वाटा ठरला. या तरतुदीवर काही लोक म्हणतात की, सज्ञान माणसाला आपली वस्तू हवी तशी विकता आली पाहिजे, सरकारनं मध्ये पडू नये. त्यांना मी एवढंच म्हणेन की एकदा सही होतानाची खोली डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला वकील, हिशेबनीस, दहा वर्षांचा अनुभव. दुसऱ्या बाजूला आयुष्यभर चाळीस जणांच्या मेळ्यात उभा राहून गायलेला आणि आज पहिल्यांदाच एकटा बसलेला माणूस. गायनवृंदात एकाचा श्वास संपला तर शेजारचा सूर धरून ठेवतो. या खोलीत शेजारी कुणी नाही. तिथं कायद्यानं शेजारी बसायचं असतं.

पण २०१२ नंतरही बरंच उरलं आहे. आपल्याच कायद्यात एक चांगलं कलम आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच धरायचा, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. याचा उपयोग शून्य, कारण प्रत्येक छापील करारात ‘कायम’ आणि ‘सगळं जग’ हे शब्द आधीच घातलेले असतात. मुदत लिहिलीच नाही तर पाच वर्षं आणि लिहिली तर अनंत काळ, हे बदललं पाहिजे. अमेरिकेच्या कायद्यात १९७८ पासूनच्या करारांना ३५ वर्षांनी मूळ कर्त्याला हक्क परत मागायची सोय आहे. आपल्याकडे ती निदान १५ वर्षांनी तरी असावी, आणि पारंपरिक चालींवर गाणाऱ्या गायकांनाही मिळावी. बुवांच्या बाबतीत अभंग तुकोबांचा, चाल परंपरेची, म्हणून गीतकार आणि संगीतकार या दोन्ही दारांतून ते बाहेर राहतात. उरतो फक्त गायकाचा हक्क, आणि नेमका तोच सगळ्यांत लंगडा आहे. शिवाय करार गायकाला वाचता येईल अशा भाषेत असलाच पाहिजे. बुवांना मराठी छान वाचता येतं. त्यांनी ज्ञानेश्वरीची पारायणं केली आहेत. त्यांच्यासमोर इंग्रजी कागद ठेवण्याचं दुसरं काय कारण असेल?

आणि गळे जिथं घडतात त्या जागांचं काय? जमैकातली छोटी चर्चं, गोव्यातल्या त्या शाळा, आमचं मारुतीचं देऊळ, यांनी कधी बिल पाठवलं नाही. ध्वनिमुद्रणाचा सगळा धंदा दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी भरत आला. विकलेल्या गाण्यांवर छोटासा वाटा काढून तो गायन-वादन शिकवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना द्यावा, त्यातून पेटी दुरुस्त व्हावी, पखवाजाला नवं पान चढावं, शिकवणाऱ्याला महिन्याचं काही मिळावं, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही.

बुवांचा कागद हाती आल्यापासून आसपासच्या गावांतली पोरं आपले करार घेऊन माझ्याकडे येतात. आता कॅसेट नाहीत. यूट्यूबवर चॅनल चालवणारे लोक येतात, एका गाण्याचे दहा-पंधरा हजार देतो म्हणतात, आणि कागद तोच असतो. मी वकील नाही. शांतपणे वाचून दाखवतो, नाव कुठं छापणार ते विचारायला सांगतो, मुदतीच्या ओळीवर बोट ठेवतो. गेल्या महिन्यात बुवांकडेच शिकलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. तिनं समोरच्या माणसाला फोन लावला आणि म्हणाली, ‘दादा, ते कायमचं खोडा. पाच वर्षं लिहा, नंतर परत बोलू.’ पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला की विचारून सांगतो. दोन दिवसांनी दुरुस्त केलेला कागद आला. त्यावर पाच वर्षं असं लिहिलेलं होतं.